खांडीपाशी नुसतं उभं राहायचं

शिवरात्रीच्या सकाळी जगनने बाहेरच्या बांधावर कुदळ मारली, ती पहिल्या खेपेला नीट बसलीच नाही. फुटलेला बांध बुजवण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. पण बांध कापायचा कुठून, हे त्याला आजवर कुणी शिकवलं नव्हतं.

"दोन हात रुंद," मिठागराचे शेठ मागून म्हणाले. "पाणी आत येताना दिसलं म्हणजे झालं."

समोरच्या, आतल्या बांधावर गावातली चाळीस माणसं ओळीने उभी होती. त्यांत इंदुबाई पुढे होती. तिथून तिला नवऱ्याची, जगनची पाठ दिसत होती आणि बांधापलीकडे खाडीचं करडं पाणी. दोन बांधांच्या मधे शेठची एक जुनी, पडीक कोंडी होती. तिच्यात चार वर्षांत मीठ पिकलं नव्हतं. आणि इंदुबाईच्या पाठीमागे, आतल्या बांधाच्या पायथ्यापासून गावाची भाताची खाचरं सुरू होत होती. पहिली दोन तिची.

कासूच्या पश्चिमेला रस्ता संपतो, तिथून खाडीपर्यंत सगळी अशी बांधाबांधांची जमीन. सत्त्याहत्तरच्या पावसात बांध फुटून समुद्राचं पाणी खाचरांत शिरलं होतं. तीन वर्षं इंदुबाईने पेरलं आणि तीनही वर्षं रोपं वीतभर होऊन टोकाकडून पिवळी पडली. दर ज्येष्ठात ती चिमूटभर माती जिभेवर ठेवी आणि थुंकून टाकी. गेल्या ज्येष्ठात मात्र तिने थुंकलं नाही. गेल्या कार्तिकात त्या खाचरांतून तांबडं भात घरी आलं. सासू ठमाबाईने पहिला भात शिजवला, तेव्हा सगळे नुसते जेवत राहिले होते.

ते साल ब्याऐंशी. मुंबईत गिरण्यांचा संप सुरू होऊन महिना उलटला होता. जगनचा धाकटा भाऊ गोविंदा गिरणीतून घरी येऊन बसला होता, आणि त्याच्या मागोमाग आठवड्याभरात ही सिनेमाची माणसं आली. पेणला रामवाडीच्या लॉजवर उतरली होती. रोज सकाळी दोन मेटॅडोर आणि एक जीप खडखडत बांधापर्यंत येत. सिनेमा मिठागरातल्या मजुरांचा होता. कर्णिक नावाचे दिग्दर्शक, पन्नाशीचे, जाड काचांचा चष्मा लावणारे, स्वतः उन्हात उभे राहत आणि गावच्या माणसांबरोबर खाली बसून भाकरी खात. सगळ्यांना अहोजाहो करत. शेठशी मात्र ते कमी बोलत, हे इंदुबाईच्या लक्षात आलं होतं.

"गोष्ट अशी आहे," त्यांनी सगळ्यांना समजावलं. "मजुरांचा संप चालू आहे. उधाणाला मालकाचा बांध फुटतो. मालक ओरडतो, बुजवा. आणि तुम्ही बुजवत नाही. हात खाली सोडून उभे राहता. पाणी आत येतंय, मालकाचं मीठ विरघळतंय, आणि तुम्ही नुसते बघता. हा सिनेमातला सगळ्यात मोठा क्षण आहे."

माणसं ऐकत होती. मग म्हातारा काळुरामबाबा म्हणाला, "म्हंजे खांड पडली तरी उभं ऱ्हायाचं?"

"हो."

"आन बांधामागं भात कोनाचं हाय त्या शिनेमात?"

कर्णिक हसले. "सिनेमात भात नाहीये, बाबा. फक्त मिठागर आहे."

काळुरामबाबाने मान डोलावली, पण ती पटल्याची नव्हती. बांध फुटून खांड पडली की घरटी एक माणूस बांधावर गेलंच पाहिजे, ही इथली रीत. चुलीवर भात असला तर तो उतरवायचा नाही, तसाच सोडून जायचं. त्या कामाची मजुरी कुणी मागत नाही, कुणी देत नाही. काळुरामबाबा स्वतः अंगाला हळद लागलेली असताना खांडीत उतरला होता. लग्नात बायको त्याला म्हणाली होती, नवरा पिवळा हाय का काळा, कायबी कळंना. ही गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती.

"आपल्याला पैकं मिळतात उभं ऱ्हायाचं," इंदुबाईच्या शेजारची पुतळी म्हणाली. "माज्या मालकाला सांगते. घरी तर ते फुकटच उभं असतात."

बाया हसल्या. हिरॉइन मॅडम जुनेर नेसून इंदुबाईच्या दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या. त्याही हसल्या, पण जरा उशिरा.

पहिल्या दिवशी काही जमलं नाही. भरती चढली, जगनने कापलेल्या जागेतून पाण्याची जीभ कोंडीत आली, मग त्या जिभेचा ओघ झाला. तेवढ्यात काळुरामबाबाच्या तोंडून आपसूक निघालं, "खांड! खांड पडली रं!" आणि चाळीसच्या चाळीस माणसं बांधावरून खाली. कुणी पदर खोचला, कुणी हातानेच चिखल उपसला. मॅडम एकट्या बांधावर राहिल्या. "कट! कट!" करून सहायक पोराचा घसा बसला. तोवर जगनने आणि चौघांनी खांड बुजवूनही टाकली होती.

कर्णिक रागावले नाहीत. उलट त्यांचे डोळे पाणावले. "काय माणसं आहेत ही," ते कॅमेरामनला म्हणाले.

रात्री जेवताना गोविंदा म्हणाला, "सायबाचं बरोबर हाय वैनी. आमी गिरनीत तेच केलंय. हात खाली. मशीन बंद. मालकाला तवाच कळतं."

"तुमची गिरनी बंद पडली तर घरातली जमीन खारी व्हते काय भावजी?" इंदुबाईने विचारलं.

ठमाबाईने गोविंदाच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

इंदुबाई मूळची रोह्याच्या वरच्या अंगाची, डोंगरालगतच्या गावची. तिथे भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरतात आणि कुणाला समुद्राचा विचार करावा लागत नाही. लग्न होऊन इथे आली तेव्हा बांध म्हणजे तिला नुसती चालायची वाट वाटे. तो वाचायला तिला सासूने शिकवलं, तेही पायाने. कोरडा बांध टाचेला ठणकतो. आतून पाझर लागला की गार लागतो. खेकड्याच्या बिळातून पाणी वाट काढायला लागलं की तळव्याला आधी नुसती गुदगुली होते. "तवाच खाली बसायचं आन माती दाबायची," सासू सांगे. "डोल्यानं दिसंस्तवर थांबलीस तर गेलं."

अमावास्येला दुसरा प्रयत्न झाला. पाणी आलं, माणसं उभी राहिली. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येत होती. इंदुबाई पाण्याकडे बघत होती. मग "कट" ऐकू आलं, आणि तिने बघितलं तर ती कमरेत वाकलेली होती आणि तिच्या हातात मातीचं ढेकूळ होतं. ते कधी उचललं हे तिला सांगता आलं नसतं. ओळीतल्या सगळ्या बायांच्या हातांत एकेक ढेकूळ होतं.

कर्णिक कोंडीचा चिखल तुडवत तिच्यापाशी आले. "इंदुबाई, तुम्ही हललात की सगळे हलतात. बघितलंत का? सगळे तुमच्याकडे बघतायत. तुमच्या चेहऱ्यात ते आहे, जे मला पाहिजे. जन्मभर मालकाचं ऐकलं, आज ऐकणार नाही. एवढंच मनात ठेवा. मी कट म्हणेपर्यंत हलायचं नाही. काहीही झालं तरी. जमेल?"

इतक्या जवळून, इतक्या आदराने तिच्याशी कुणी शहरातलं माणूस बोललं नव्हतं. ती "जमंल" म्हणाली.

"आजूबाजूला बघायचं नाही. मागे तर अजिबात नाही."

"बरं."

दुसऱ्या दिवशी मॅडमना मुंबईत काम होतं, म्हणून सुट्टी पडली. इंदुबाईने त्या दिवशी घरी सराव केला. चुलीवर दूध ठेवलं आणि समोर हात सोडून उभी राहिली. दूध वर आलं, काठापर्यंत आलं, उतू गेलं, जाळावर चर्र झालं. ती हलली नाही. ठमाबाई पडवीतून ओरडत आली, "मेली का काय गो तू उभ्या उभ्या?" मग इंदुबाईला हसू फुटलं आणि ती राख सारायला बसली.

बीजेच्या दिवशी सकाळी कर्णिकांनी जगनला बोलावलं.

"पाणी कमी पडतंय. पडद्यावर ते ओढ्यासारखं दिसतं. आज पाच हात कापू."

जगनने शेठकडे बघितलं. शेठ छत्रीखाली उभे होते.

"पाच हात नको, सायब. आज पानी मोठं हाय."

सहायक पोराने खिशातलं कॅलेंडर काढलं. "अमावास्या तर परवाच झाली. आता उतरतीला लागलं असेल ना?"

"अवसंपरीस बीज-तिजंचं पानी मोठं असतं," जगन म्हणाला. "नेहमीच."

"किती मोठं?" कर्णिकांनी विचारलं. त्यांनी ते खरंच जाणून घ्यायला विचारलं होतं.

जगनने अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. "वीतभर."

"वीतभरच ना?"

आता या माणसाला कसं सांगायचं, की ही वीत भांड्यातल्या पाण्याची नव्हे. तिच्यामागे सगळी खाडी असते. जगनला ते शब्दांत मांडता आलं नाही. शिवाय तीन दिवस सगळे त्याला "खांडीवरचे जगनभाऊ" म्हणत होते. पाणी कधी सोडायचं, कधी अडवायचं, सगळं त्याला विचारून चाललं होतं. शेठसमोर.

"बुजवता येईल ना तुम्हाला?"

"मला म्हनजे... येईल."

"मग झालं तर," शेठ म्हणाले. "साहेब म्हणतात तसं कर. आतला बांध आहेच."

आतला बांध होता. पण फाल्गुन लागला होता, आणि उन्हाने त्याला भेगा पडल्या होत्या. खेकडे त्या भेगांतूनच बिळं करतात. जगनने खुणेची काठी कोंडीत रोवली, तिला एक चिंधी बांधली आणि मनाशी ठरवलं, चिंधी भिजली की हाक मारायची.

दुपारी बाराच्या सुमारास पाणी बांधाला भिडलं. इंदुबाई आपल्या जागेवर उभी राहिली. अनवाणी, कर्णिकांनी सांगितल्यासारखी. डावीकडे मॅडम, उजवीकडे पुतळी. उन्हाने डोकं तापलं होतं. कुणीतरी फळी आपटली, आणि सगळं शांत झालं.

पाच हातांच्या खांडीतून पाणी आलं ते आधीसारखं जिभेसारखं नाही आलं. ते एकदम आलं, अंगाने आलं. कापलेल्या कडांची ढेकळं त्याने बरोबर आणली. कोंडीचा तळ बघता बघता नाहीसा झाला. बांधाच्या पायथ्याशी पाणी लागलं आणि चढायला लागलं. कॅमेऱ्याच्या बाजूला मालकाचं काम करणारा नट ओरडत होता, "बुजवा! अरे, बघता काय? बुजवा!" त्याचा आवाज चांगला मोठा होता.

चाळीस माणसं उभी राहिली.

पहिल्यांदा इंदुबाईच्या डाव्या टाचेला गारवा लागला. तिला वाटलं, घाम असेल. मग तळव्याच्या मधोमध, बारीक, मुंगी फिरावी तशी गुदगुली झाली. समोर, पाण्याच्या कडेला, बांधाला लागून एक बुडबुडा आला आणि फुटला. दुसरा आला. त्याच जागी.

तिच्या गुडघ्यांना वाकायचं होतं. तिने ते ताठ ठेवले. तिला पुतळीचा श्वास ऐकू आला, आत घेतलेला आणि सोडलेला नाही. म्हणजे पुतळीलाही. ओळीत पलीकडे काळुरामबाबा होता. तो ओरडेल, तिला वाटलं. पहिल्या दिवशी ओरडला होता तसा. काळुरामबाबा इंदुबाईकडे बघत होता.

तिने जगनला शोधलं. मान न वळवता, नुसत्या डोळ्यांनी. तो खांडीच्या कडेला फावडं घेऊन उभा होता आणि त्याच्या शेजारी शेठ. तो काठीकडे बघत होता. त्याला दिसतंय, तिला वाटलं. तो बघतोय म्हणजे अजून वेळ आहे.

गुदगुली थांबली. पायाखालची माती मऊ झाली, आणि पाठीमागे, खाचरांच्या बाजूला, कुणी घागर हळूच कलती करावी तसा आवाज सुरू झाला.

ती हलली नाही.

"कट!" कर्णिक खाडीकडच्या बांधावरून ओरडले. त्यांनी दोन्ही हात वर केले होते. "वा! इंदुबाई, कमाल! कमाल केलीत!"

इंदुबाई वळली तेव्हा बांधाचं मागचं अंग सुटलं होतं. आधी टोपलीभर, मग गाडीभर माती तिच्या डोळ्यांदेखत खाचरात बसली, आणि त्या जागेतून पाणी खाली कोसळलं. मॅडमच्या पायाखालचा बांध गेला. पुतळीने त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाजूला ओढलं, ढेकूळ फेकावं तसं.

मग सगळे धावले. बाहेर जगन आणि चौघेजण पाच हातांच्या खांडीत गोणी टाकत होते आणि गोणी वाहून जात होत्या. आत बाया ओंजळींनी, टोपल्यांनी चिखल ओतत होत्या. गोविंदा छातीएवढ्या पाण्यात उभा राहून अंग आडवं घालत होता. कर्णिकही पाण्यात आले. त्यांचा चष्मा पडला तरी ते टोपल्या देत राहिले, कुणाला देतोय हे न दिसता. त्यांनी चांगलं काम केलं, हे नंतरही कुणी नाकारलं नाही. कॅमेरामनने मधेच कॅमेरा इकडे वळवला होता. कर्णिक त्याच्यावर ओरडले, "बंद कर ते!" आणि त्याने बंद केला.

भरती तासभर आणखी चढली. मग थांबली. मग उतरली. माणसांनी बांध बुजवला असं म्हणण्यापेक्षा पाणी परत गेलं, एवढंच खरं.

चार वाजता सगळे होते तिथे बसले. मॅडम चिखलात बसल्या होत्या आणि रडत होत्या. कुणी त्यांना उठवलं नाही. शेठची छत्री केव्हाच निघून गेली होती.

"आता काय करायचं?" कर्णिकांनी काळुरामबाबाला विचारलं. त्यांच्या हातांची सालं निघाली होती. "सांगा, आम्ही सगळे थांबतो. रात्रभर थांबतो."

"आता काय नाय, सायब. आता पानी जाईल."

"पाणी गेलं की ठीक होईल ना?"

"पानी जाईल," काळुरामबाबा म्हणाला. "मीठ ऱ्हाईल."

"किती दिवस?"

"दिवस!" पुतळी म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

काळुरामबाबाने तीन बोटं दाखवली. "पावसाले."

कर्णिक बराच वेळ त्या बोटांकडे बघत होते. त्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून, की काय, कोण जाणे. मग त्यांच्या माणसांनी त्यांना हाताला धरून जीपकडे नेलं.

ऊन कललं तेव्हा इंदुबाई आपल्या खाचराच्या कडेला आली. जगन तिथे आधीच बसला होता, फावडं मांडीवर आडवं घेऊन. खाचरात गुडघ्याएवढं पाणी होतं. गेल्या कार्तिकातल्या भाताचे बुडखे त्याखाली ओळीने दिसत होते. बगळ्याच्या जातीची एक ढोकरी येऊन त्यात उभी राहिली होती.

ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली.

"पायाखाली कललं नाय तुला?" त्याने विचारलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

नाही म्हणणं सोपं होतं. "कळलं," ती म्हणाली.

"कवा?"

"पयला बुडबुडा आला तवा. त्याच्याबी आधी."

"मग हाक का नाय मारलीस?"

ती म्हणणार होती, हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. ते खरंच होतं. पण ओठांपर्यंत येऊन ते तिला खोटं वाटलं. "माला वाटलं, तुमी बघताव."

"बघतच व्हतो गो," जगन म्हणाला. त्याने फावड्याच्या पात्यावरचा चिखल अंगठ्याने खरवडला. "चिंधी भिजली, ती मना दिसली. काठी अख्खी बुडाली, तीबी दिसली. शेठ शेजारी व्हते. मी म्हनलं, तू तिथं उभी हायस. तुज्या पायाखाली काय झालं आसतं, तर तू हलली आसतीस."

ढोकरीने पाण्यात चोच घातली आणि काही न मिळून काढली.

"मी हलंन म्हनून तुमी थांबलाव," इंदुबाई म्हणाली.

"व्हय."

"आन पुतळी?"

"चालीस जनं व्हती त्या बांधावर. एकच बांध व्हता सगल्यांच्या खाली." त्याने मान हलवली. "कोनालाच नाय कललं म्हनून आता गाव सांगल. आपनबी तेच सांगायचं."

"आईला?"

घराकडून ठमाबाईची हाक आली, जेवायला. ती वाट बघत पडवीत उभी असणार. तिला अजून कुणी सांगितलं नसावं, नाहीतर ती इथेच आली असती.

इंदुबाईने पदर खोचला आणि जगनच्या मांडीवरचं फावडं उचललं. ती पाण्यात उतरली. पाणी दिवसभराच्या उन्हाने कोमट होतं. खालच्या अंगाचा बांध तिने पायाने चाचपला, उताराची जागा शोधली आणि तिथे फावडं मारलं. पाणी आधी थोडं आणि मग ओढ घेऊन खाडीत पाणी सोडायच्या उघाडीच्या चराकडे निघालं.

"आईला मी सांगते," ती म्हणाली. "माला कळलं व्हतं म्हनून सांगते."

जगन काठावर बसून राहिला. मग तोही उतरला आणि पलीकडचा बांध फोडायला लागला.